विश्लेषण : सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी मुलाच्या पायाची आग होतेच... मुलांमधील नसांच्या वेदनेचे निदान अवघड का?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोम म्हणजेच जीबीएसचे रुग्ण आढळू लागले. काही आठवड्यांत संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि नसांचा आजार हा विषय घरोघरी पोहोचला. चर्चा झाली ती हातापायांतील बळ जाण्याची, व्हेंटिलेटरची आणि दूषित पाण्याची. नसांच्या आजाराची दुसरी बाजू म्हणजे वेदना, आणि ती मागे राहिली. मुलांच्या बाबतीत ही बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. मूल नेमके काय होते ते सांगू शकत नाही, नेहमीच्या तपासण्यांत काही दिसत नाही आणि मग ‘नाटक करतोय’ किंवा ‘शाळेला दांडी मारायची आहे’ असा शिक्का बसतो. अशा वेदनेचे निदान कसे होते आणि कुठे अडते, याचा आढावा.

नसांची वेदना म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘नस’ आणि ‘शीर’ हे शब्द सैल अर्थाने वापरले जातात. ‘नसेवर नस चढली’ असे म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा स्नायूला गोळा आलेला असतो. ‘हाताची शीर’ म्हणताना रक्तवाहिनी अभिप्रेत असते. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू.

एरवीची वेदना ही धोक्याची सूचना असते. गुडघा फुटला, हात भाजला की तिथल्या पेशींना इजा होते आणि मज्जातंतू ती खबर मेंदूपर्यंत पोहोचवतात. नसांच्या वेदनेत खबर नेणारी यंत्रणाच बिघडलेली असते. घरातला धूर ओळखणारा सेन्सर ठीक आहे, धूरही नाही, पण मधली वायर सोलली गेल्यामुळे घंटा वाजत राहते, असा हा प्रकार. वेदनेच्या अभ्यासासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे आयएएसपी हिची व्याख्या अशीच आहे. संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेला झालेल्या इजेमुळे किंवा आजारामुळे होणारी वेदना ती ‘न्यूरोपॅथिक’ वेदना. जखम भरली, सूज उतरली तरी ही वेदना राहू शकते.

दीर्घकालीन कधी म्हणायचे?

तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी वेदना दीर्घकालीन मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतंत्र आणि पद्धतशीर जागा मिळाली आणि न्यूरोपॅथिक वेदना हा तिचा एक प्रकार म्हणून नोंदला गेला. त्याआधी, २०२०च्या अखेरीस, याच संघटनेने मुलांच्या दीर्घकालीन वेदनेवर मार्गदर्शक तत्त्वे काढली.

जगभरातील पाहण्या एकत्र केल्या तर साधारण पाचपैकी एका मुलाला कुठली ना कुठली दीर्घकालीन वेदना असते. त्यात डोकेदुखी, पोटदुखी आणि पाठदुखी यांचा वाटा मोठा आहे. नसांची वेदना हा त्यातील छोटा भाग आहे. मात्र ती तीव्र असते, झोप मोडते आणि साध्या वेदनाशामकांना अनेकदा दाद देत नाही. त्यामुळे ती वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

मुलांना वेदना होतात, हे मान्य व्हायला इतका वेळ का लागला?

अगदी १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांची मज्जासंस्था अपरिपक्व असते, त्यांना वेदना फारशी जाणवत नाही, असे वैद्यकशास्त्रातील अनेक जण मानत होते. काही बाळांवर केवळ हालचाल थांबवणारे औषध देऊन शस्त्रक्रिया होत. १९८५ मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन या मुदतपूर्व जन्मलेल्या बाळावर अशीच शस्त्रक्रिया झाली. त्याच्या आईने हा प्रकार जाहीर केल्यावर मोठा गदारोळ झाला. साधारण त्याच काळात इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद ऑक्सफर्डमध्ये यावर संशोधन करत होते. शस्त्रक्रियेत पुरेसे वेदनाशमन मिळालेल्या बाळांच्या शरीरावरील ताण कमी राहतो, हे त्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर चित्र बदलू लागले.

आयएएसपीने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. शब्दांत सांगणे हा वेदना व्यक्त करण्याचा केवळ एक मार्ग आहे. सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही, असा निष्कर्ष काढता येणार नाही. निदानाची पुढची सगळी चर्चा या वाक्यावर उभी आहे.

मुलांमध्ये कारणे कोणती?

मोठ्यांमध्ये नसांची वेदना म्हटले की मधुमेह, नागीण झाल्यानंतरची आग किंवा सायटिका आठवते. मुलांमध्ये ही कारणे क्वचित आढळतात. त्यांच्यातील कारणांची यादी वेगळी आहे.

शस्त्रक्रिया, अपघात किंवा भाजण्यात नसेला झालेली इजा हे एक कारण. कर्करोगामुळे पाय किंवा हात काढावा लागलेल्या मुलांना नसलेल्या अवयवात वेदना जाणवू शकते. रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध नसांवर परिणाम करते. उपचार सुरू असलेले मूल अडखळू लागले, शर्टाची बटणे लावताना चुकू लागले किंवा जबडा दुखतो म्हणू लागले, तर याचा विचार करावा लागतो. पाठीच्या कण्यातील गाठ, मज्जारज्जूची इजा आणि काही आनुवंशिक आजार हीदेखील कारणे आहेत.

जीबीएसमध्ये अनेक मुलांत अशक्तपणा लक्षात येण्याआधी पाय आणि पाठ दुखू लागते. बोलता न येणारे मूल फक्त चालायला नकार देते आणि ते हट्ट करत आहे असे वाटते. आजार उतरल्यानंतरही काहींची वेदना काही महिने रेंगाळते.

सिकलसेलचा उल्लेखही आवश्यक आहे. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्यातील वेदना मुख्यतः रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे होते. पण वारंवार झटके येऊन गेलेल्या काही किशोरवयीन रुग्णांच्या वेदनेत आग होणे, मुंग्या येणे, थंडी सहन न होणे अशी न्यूरोपॅथिक लक्षणे मिसळलेली असतात, असे अभ्यासांत दिसले आहे.

वयाचा काय संबंध?

एकच इजा वेगवेगळ्या वयात वेगळी वागते. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या मानेजवळील नसा ताणल्या गेल्या तर हात लुळा पडू शकतो, पण दीर्घकालीन वेदना मात्र क्वचित दिसते. मोटारसायकलच्या अपघातात मोठ्या माणसाला तशीच इजा झाली तर वेदना अनेकदा असह्य असते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मारिया फिट्झगेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून याचा एक धागा मिळतो. अगदी लहान वयात नसेला इजा झाली तर वेदनेची लक्षणे लगेच दिसत नाहीत, ती प्राणी वयात येताना उमटतात. माणसांच्या बाबतीत हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तरीही अकरा-बारा वर्षांच्या मुलाला कारण नसताना वेदना सुरू झाली, तर अगदी तान्हेपणी झालेली शस्त्रक्रियाही डॉक्टरांना सांगायला हवी.

वाढीच्या वयातील पायदुखीपेक्षा हे वेगळे कसे?

‘वाढीचे दुखणे आहे, तेल चोळले की थांबेल’, हा घरातला पहिला अंदाज बहुतेक वेळा बरोबरच असतो. वाढीच्या वयातील पायदुखी साधारणपणे दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होते. चोळल्यावर बरे वाटते. सकाळी मूल खेळायला पळते, लंगडत नाही.

नसांची वेदना येथेच वेगळी पडते. अशा वेळी चोळणे मुलाला नको असते. मोजा, चादर, पंख्याचा वारा, अंघोळीचे पाणी अशा साध्या स्पर्शानेही ते कळवळते. ज्या गोष्टीने दुखायला नको तिने दुखणे, याला वैद्यकीय भाषेत ‘अ‍ॅलोडायनिया’ म्हणतात आणि निदानातील तो महत्त्वाचा दुवा आहे. एकाच पायात, एकाच पट्ट्यात किंवा दोन्ही तळव्यांत मोज्यासारखी पसरलेली वेदना, त्याच जागी बधिरपणा आणि विश्रांतीतही सुरू राहणारा त्रास, ही आणखी काही लक्षणे.

‘दुखतंय’ एवढे सांगणे पुरेसे का नाही?

नसांच्या वेदनेचे निदान मोठ्या प्रमाणावर शब्दांवर चालते. मराठीत त्यासाठी शब्दांची श्रीमंती आहे. गळू ठसठसते, दात ठणकतो, पोटात कळ येते. नसेच्या वेदनेत आग होते, मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, सणक जाते, सुया टोचतात, करंट बसतो. अनुभवी डॉक्टरला या शब्दांतूनच दिशा मिळते.

अडचण अशी की पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे हे शब्द नसतात. त्याच्या लेखी सगळेच ‘दुखतंय’ किंवा ‘बाऊ झालाय’. करंट बसण्याचा अनुभव त्याला नसेल तर तो ती उपमा देणार कशी? त्यामुळे बालरोगतज्ज्ञ मुलाच्या जगातील गोष्टी वापरतात. पाय झोपल्यावर होते तसे होते का? मिरची लागल्यासारखे? मुंगळे चालल्यासारखे? गरम फरशीवर उभे राहिल्यासारखे? काही वेळा शरीराची आकृती देऊन दुखते तिथे रंग भरायला सांगतात. मुलाने भरलेला पट्टा एखाद्या नसेच्या मार्गाशी जुळला, तर ते चित्र कुठल्याही अहवालाइतके बोलके ठरते.

घरी वऱ्हाडी, अहिराणी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत किंवा हिंदीत प्रश्न विचारले, तर उत्तर आणखी धूसर होते. अशा वेळी आई किंवा आजी दुभाषी म्हणून सोबत असणे उपयोगी पडते.

वेदना मोजायच्या कशा?

बोलू न शकणाऱ्या बाळांसाठी ‘फ्लॅक’ ही पद्धत वापरली जाते. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले जातात. दोन महिने ते सात वर्षे या वयासाठी ती तपासली गेली आहे. चार वर्षांपुढील मुलांना सहा चेहऱ्यांची पट्टी दाखवतात आणि आपल्या वेदनेशी जुळणारा चेहरा निवडायला सांगतात. साधारण आठ वर्षांपासून शून्य ते दहा असे आकडे विचारता येतात.

सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘फ्लॅक’ची सुधारित आवृत्ती आहे. तिच्यात आपले मूल दुखताना नेमके कसे वागते, याची पालकांनी दिलेली माहिती जोडली जाते. काही मुले वेदनेत रडण्याऐवजी गप्प होतात. हे आईवडिलांनाच ठाऊक असते.

या सर्व पट्ट्यांची एक मर्यादा आहे. त्या वेदना किती आहे ते सांगतात, कोणत्या प्रकारची आहे ते सांगत नाहीत. दहापैकी आठ गुण मोडलेल्या हाडालाही मिळतात आणि दुखावलेल्या नसेलाही. प्रकार ओळखण्यासाठी डीएन-४, लॅन्स, पेनडिटेक्ट अशा प्रश्नावल्या आहेत, पण त्या मोठ्या माणसांसाठी बनवलेल्या आहेत. त्यांतील शब्द आणि गुणांच्या सीमारेषा लहान मुलांना थेट लावता येत नाहीत.

मग डॉक्टर निदान कसे करतात?

आयएएसपीच्या तज्ज्ञांनी यासाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. मुलाच्या पूर्वेतिहासात नसेला इजा होण्याजोगे काही आहे आणि वेदनेची जागा त्या नसेच्या क्षेत्राशी जुळते, तर न्यूरोपॅथिक वेदना ‘शक्य’ मानतात. त्याच क्षेत्रात संवेदना बदलल्याचे तपासणीत आढळले, तर ती ‘संभाव्य’ ठरते. नसेची इजा किंवा आजार एखाद्या चाचणीने सिद्ध झाला, तर ‘निश्चित’. उपचार सुरू करण्यासाठी दुसरी पायरी सहसा पुरेशी मानली जाते.

दुसऱ्या पायरीसाठी लागणारे साहित्य साधे आहे. कापसाचा बोळा, बोथट टोक, ब्रश, एक थंड आणि एक कोमट वस्तू. आधी न दुखणाऱ्या बाजूला स्पर्श करून मुलाला खेळ समजावतात, मग दुसऱ्या बाजूला तोच स्पर्श करून ‘सारखे वाटते की वेगळे?’ असे विचारतात. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, वेळ लागतो. खच्चून भरलेल्या ओपीडीत नेमका तोच नसतो.

रिपोर्ट नॉर्मल का येतात?

हा संपूर्ण विषयातील सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. नसांची तपासणी म्हणजे ‘नर्व्ह कंडक्शन’ असे समीकरण झाले आहे. या चाचणीत नसेला विजेचा सौम्य झटका देऊन संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. पण ती जाड, वेगवान तंतूंची चाचणी आहे. वेदना आणि तापमानाचे संदेश बारीक, संथ तंतूंतून जातात आणि ते या चाचणीच्या आवाक्यात येत नाहीत. त्यामुळे केवळ बारीक तंतू बिघडले असतील, तर अहवाल ‘नॉर्मल’ येणे अपेक्षितच आहे. जीबीएससारख्या आजारात तर सुरुवातीच्या दिवसांत जाड तंतूंची चाचणीही नॉर्मल येऊ शकते.

एमआरआय गाठ किंवा दाब दाखवतो, वेदना दाखवत नाही. बारीक तंतू तपासण्याचे मार्ग आहेत. उष्णता, थंडी आणि दाबाला मिळणारा प्रतिसाद मोजणारी संवेदना चाचणी साधारण सहा वर्षांपुढील, सहकार्य करू शकणाऱ्या मुलांवर करता येते. घोट्याच्या वर त्वचेचा सुमारे तीन मिलिमीटरचा तुकडा घेऊन तंतूंची घनता मोजता येते. या सोयी मोजक्या केंद्रांपुरत्या आहेत. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ या वाक्याचा अर्थ ‘ज्यासाठी ही चाचणी होती ते सापडले नाही’ एवढाच घ्यायला हवा.

कोणते आजार हमखास निसटतात?

पहिला फॅब्री. या आनुवंशिक आजारात एका विकराच्या कमतरतेमुळे पेशींत चरबीयुक्त पदार्थ साचतो. बालपणी तळहात आणि तळपायांची भयंकर आग होते. ताप, ऊन, पीटीचा तास यांनी ती वाढते. घाम कमी येतो. कमरेभोवती आणि मांड्यांवर बारीक गडद लाल ठिपके दिसू शकतात. नर्व्ह कंडक्शन मात्र नॉर्मल असते. निदान व्हायला अनेकदा दहा वर्षांहून अधिक काळ जातो आणि तोवर मूत्रपिंड व हृदयावर परिणाम सुरू झालेला असतो. मुलग्यांमध्ये रक्तातील विकर तपासून निदान होते. मुलींमध्ये ते नॉर्मल असू शकते, म्हणून जनुकीय चाचणी लागते.

दुसरा आजार सीआरपीएस. मुरगळण्यासारख्या किरकोळ इजेनंतर हात किंवा पाय प्रमाणाबाहेर दुखू लागतो, थंड पडतो, निळसर होतो, सुजतो आणि स्पर्श सहन होत नाही. मुलांमध्ये तो पायात अधिक, किशोरवयात आणि मुलींमध्ये जास्त आढळतो. मुख्य नसेला इजा नसेल, तर काटेकोर व्याख्येनुसार त्याला न्यूरोपॅथिक म्हणत नाहीत, पण लक्षणे इतकी सारखी की दोन्हींचा विचार एकत्रच होतो. त्याची खात्री करणारी एकही रक्तचाचणी नाही. ‘बुडापेस्ट निकष’ म्हणून ओळखली जाणारी लक्षणांची यादी वापरतात, तीही मुळात मोठ्यांसाठी तयार झालेली. निदान चुकले तर पाय प्लास्टरमध्ये घातला जातो आणि न हलवल्याने त्रास वाढतो. वेळीच ओळखले तर फिजिओथेरपी आणि मानसिक आधाराने बहुतेक मुले बरी होतात.

‘मनाचे आहे’ असे म्हणणे चूक का?

वेदनेचा मनाशी संबंध असतोच. झोप मोडली, शाळा बुडाली, मैत्रिणी दुरावल्या की भीती आणि नैराश्य येते आणि त्याने वेदना तीव्र होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक बाजूंचा एकत्र विचार करायला सांगतात. अडचण येते ती तपासणीत काही सापडले नाही म्हणून ‘मानसिक’ हे उरलेले लेबल लावले जाते तेव्हा. मानसिक कारणाचे निदानही पुराव्यावर व्हायला हवे. आपल्यावर विश्वास नाही हे मुलाला कळले की ते सांगणे थांबवते. निदानाचा सर्वांत मोठा स्रोत मुलाचे सांगणे हाच असेल, तर ते गप्प होणे परवडणारे नाही.

व्यवस्था कुठे कमी पडते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी होते. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांवर तिचा भर आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. दोन्ही यंत्रणा मुलापर्यंत पोहोचतात. तिथे ‘तीन महिन्यांपासून काही दुखते का, आणि कसे दुखते?’ हे दोन प्रश्न जोडले तर वेगळा खर्च फारसा येणार नाही.

फॅब्रीसारख्या आजारांसाठी २०२१ चे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आहे. त्याखालील उत्कृष्टता केंद्रांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा समावेश आहे आणि उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण ही मदत निदानानंतर मिळते. तळव्यांची आग ही पहिली तक्रार ज्या दवाखान्यात होते, तिथे तो आजार कुणाच्या मनात आला तरच पुढचे सगळे शक्य होते.

पालकांनी काय करावे?

आठवडाभराची नोंद ठेवावी. वेदना कधी येते, कुठून कुठे जाते, कशाने वाढते, झोप मोडते का, कपड्यांचा स्पर्श चालतो का, शाळेचे किती दिवस बुडाले, हे लिहावे. मुलाचे शब्द बदलू नयेत, ते म्हणेल तसेच नोंदवावेत. दुखणाऱ्या भागाचा रंग बदलत असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो पूर्ववत झालेला असू शकतो. जुन्या शस्त्रक्रिया, आजार, औषधे आणि कुटुंबातील कुणाला लहानपणी असाच त्रास होता का, हेही सांगावे. नसांच्या वेदनेवरील मोठ्यांची औषधे मुलांना परस्पर देऊ नयेत.

काही लक्षणांत मात्र नोंदवहीची वाट पाहू नये. पायांतील बळ कमी होऊन अशक्तपणा वर सरकणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, लघवी-शौचावरील ताबा जाणे, ताप किंवा वजन घटण्यासोबतची वेदना आणि रोज रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, तर पोलिओ सर्वेक्षणासाठी त्याची नोंद आरोग्य विभागाकडे व्हावी लागते. त्यामुळे अशा मुलाला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेले तरी तपासणीची यंत्रणा हलते.